बेचाळीस ठोके

मित्रांनो, माझा काटा साठ सेकंदांत एक फेरी मारतो आणि पुन्हा पहिल्या रेघेवर येऊन उभा राहतो. त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या, चावीच्या स्टॉपवॉचला आपण आयुष्यात किती पुढे आलो हे सांगणे जरा अवघड जाते. तरीही सांगते. माझ्यासमोर शेकडो शर्यती झाल्या. पण जिचा मला सर्वात जास्त अभिमान आहे ती शर्यत मैदानावर झालीच नाही. ती एका दवाखान्यापासून सुरू झाली आणि दवाखान्यातच संपली. तिच्यात पळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती त्याआधीच्या आयुष्यात एकाही शर्यतीत शेवटून दुसरीसुद्धा आली नव्हती.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खोलीच्या खिडक्या वर्षभर बंद असत. धुळीचा एक कण जरी माझ्या पोटात गेला असता, तरी मी जन्मभर खोटे बोलले असते. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझी चाके एकेक करून बसवली. त्यांना शिंक आली की त्या खुर्चीवरून उठून दाराबाहेर जात, शिंकत, हात धुऊन परत येत. पुढे मला उभे, आडवे आणि उलटे टांगून तीन दिवस मोठ्या घड्याळाबरोबर पळवले. मी उत्तीर्ण झाले. मग मला मऊ कागदात गुंडाळून एका शाळेत पाठवले.

त्याच आठवड्यात त्या शाळेत एक नवे क्रीडाशिक्षक रुजू झाले होते. लांब पाय, उन्हाने रापलेली मान आणि बोलण्यापेक्षा शिट्टीवर जास्त भरवसा. त्यांनी माझी दोरी गळ्यात घातली ती पुढची कितीतरी वर्षे. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

सरांच्या हातात मी कधी खोटे बोलले नाही, कारण त्यांनी मला बोलू दिले नाही. एकदा एका मुलाचे वडील शर्यतीनंतर त्यांच्याजवळ आले. त्यांच्या मुलाची निवड थोडक्यात हुकली होती.

“सर, दोन दशांश सेकंदांचा तर प्रश्न आहे. तुमच्याच हातातला काटा आहे.”

“काटा माझ्या हातात नाही हो,” सर म्हणाले, “मी काट्याच्या हातात आहे.”

ते गृहस्थ रागावून गेले. पुढच्या वर्षी तोच मुलगा पाच दशांश सेकंद राखून निवडला गेला आणि तेच गृहस्थ पेढ्यासारखा चेहरा करून सरांना शोधत होते. मला त्या दिवशी माझ्या निकेलच्या अंगाची चमक जरा जास्तच जाणवली, हे कबूल करते.

पळणे झाले की सर मुलांना नाडी मोजायला लावत. “दोन बोटं. अंगठा नको. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो, तो तुमचंच तुम्हाला ऐकवेल.” मुले मनगट धरून गोलात उभी राहत आणि मी मधे टिकटिक करी. घरीही तोच परिपाठ होता. दर रविवारी सकाळी सहाला सर, त्यांची पत्नी आणि त्यांची एकुलती लेक जेवणाच्या टेबलाभोवती बसत. मी मधे. एकेकाचे ठोके मोजायचे आणि वहीत लिहायचे. तारीख, वेळ, तिघांचे तीन रकाने. सरांच्या पत्नीला शाळेतली सगळी पोरे काकू म्हणत. काकूंचे ठोके साधारण शहात्तर, लेकीचे ऐंशीच्या पुढे, आणि सरांचे पन्नास.

“पन्नास!” सर टेबलावर थाप मारत. “याला म्हणतात खेळाडूचं हृदय. आणि तू गं गोगलगाय? शाळेच्या शर्यतीत शेवटची, आणि ठोके मात्र पहिल्या नंबरचे!”

“तुमच्या पोटी जन्मले हीच माझी मोठी शर्यत होती बाबा,” लेक म्हणे. “त्यात पहिली आले ना?”

“दुसरी कोणी नव्हतीच,” काकू म्हणत, आणि तिघेही हसत.

पुढे आकडे चमकणारी नवी घड्याळे आली. त्यांना चावी द्यावी लागत नसे, त्यांच्या पोटात एका वेळी दहा-दहा पळणाऱ्यांच्या वेळा मावत. शाळेने मला वाळलेली पेने आणि दाणा हरवलेल्या शिट्ट्या यांच्याबरोबर एका खणात टाकले. सर निवृत्त झाले त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, “आठवण म्हणून काय देऊ?” सरांनी खण उघडला, मला बाहेर काढले आणि सदऱ्याला पुसले. त्या दिवसापासून मी फक्त रविवारची झाले. मित्रांनो, आठवड्यातून तीन मिनिटे काम म्हणजे फार नाही. पण कोणीतरी वाट बघून चावी देते आहे, एवढे असले की लोखंडालाही पुरते.

मग एका रविवारी सर मोजता मोजता थांबले. “तेवीस,” ते म्हणाले. पुन्हा “तेवीस.” माझा काटा पुढे चालला होता आणि त्यांचे ओठ तिथेच अडले होते. काकूंनी त्यांच्या हातातून मला हळूच घेतले आणि म्हणाल्या, “आजपासून मी मोजते. तुमचे हात थंड लागतात.”

ती सुरुवात होती. पुढे सरांना चष्म्याचे नाव आठवेना, तेव्हा ते ‘डोळ्यांवरचं ते’ म्हणू लागले. एका दुपारी शाळेच्या मैदानाची वाट त्यांना सापडली नाही. अडतीस वर्षांची पायाखालची वाट. एका भाजीवाल्याने त्यांना ओळखून घरी आणले. लेक त्याच शहरात एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. राहिलेली, चुकलेली अक्षरे शोधायची हेच तिचे काम. ती धावत आली तर सर तिला म्हणाले, “रस्त्यांनी जागा बदलल्या आहेत. कोणीतरी तक्रार करायला हवी.”

विस्मरणाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्यांच्या दवाखान्यातून एक छापील कागद आला. पहिल्या भेटीला येताना रुग्णाची सर्व औषधे पिशवीत घालून आणा, आणि पुढील गोष्टींची उत्तरे लिहून आणा. लेकीने टेबलावर कागद पसरला आणि वाचायला सुरुवात केली.

“दमा?”

“अडतीस वर्षं पळवतोय पोरांना. दमा त्यांना असेल.”

“पोटात कधी अल्सर? फिट? लघवीला अडचण?”

“हा काय प्रश्न झाला लेकीनं बापाला विचारायचा?”

“बाबा, कागदावर आहे.”

“कागदाला सांग, वेळेवर होते.”

“चक्कर? भोवळ?”

“छे.”

लेकीने ‘नाही’ लिहिले. सरांच्या गळ्यात लोंबकळताना त्यांची छाती क्षणभर थांबलेली मला जाणवली. पण मी सेकंद मोजते, मनातले मोजत नाही.

तीन आठवडे म्हणजे काकूंना तीन वर्षे वाटली. भेटीच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे शिंपीकाका आले. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता आणि त्यांच्याकडे गोळ्या होत्या.

“वहिनी, ही घ्या. आमच्या हिला चांगला फरक आहे. कालच तिनं मला नावानं हाक मारली. शिवी देऊन मारली, पण मारली! सरांना आजच सुरू करा, एक दिवस तरी कशाला घालवायचा?”

माणूस मनाचा मोठा होता. स्वतःच्या बायकोच्या पाकिटातल्या चार गोळ्या त्याने कापून आणल्या होत्या. तो गेल्यावर काकूंनी एक गोळी सोलून तळहातावर घेतली आणि पाण्याचा पेला भरला.

“आई, थांब,” लेक म्हणाली. “उद्या सकाळी जायचंच आहे.”

“उद्या तरी तीच गोळी देणार ना? मग आज घेतली काय नि उद्या घेतली काय!”

“तर मग उद्याच घेऊ.”

“तुला काय जातंय गं बोलायला. तू संध्याकाळी आपल्या घरी जातेस. मला विचारतात ते, बाई, तुमचं लग्न झालंय का?” काकूंचा आवाज फाटला.

सर इतका वेळ माझा काटा चालू-बंद करत बसले होते. ते एकदम म्हणाले, “स्टार्टरनं पिस्तूल उडवल्याशिवाय पळायचं नाही. फाऊल धरतात.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी गोळी परत पाकिटात सारली, वरून चिकटपट्टी लावली आणि पेल्यातले पाणी स्वतः पिऊन टाकले. मित्रांनो, त्या संध्याकाळी काय टळले हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले.

डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. भिंतीवर घड्याळ, टेबलावर काच, कोपऱ्यात वजनकाटा. काकूंनी औषधांचा अख्खा डबा पिशवीत आणला होता. बाईंनी एकेक वस्तू काचेवर मांडली. गुडघेदुखीच्या गोळ्या पाहून त्या थांबल्या.

“या किती घेता?”

“बिस्किटासारख्या खातात,” काकू म्हणाल्या.

“यानं पोटाला जखम होऊ शकते, आणि मी जे औषध देणार आहे त्यानं पोटातलं आम्ल वाढतं. दोन्ही एकत्र नको.” पुढे एक सर्दीची गोळी होती. ती दिसली तशी बाईंनी बाजूला केली. “हिनं विसरणं वाढतं.” मग शिंपीकाकांची पट्टी निघाली. बाईंनी ती उजेडात धरली. “ही कोणाची?”

काकूंनी सांगितले.

“औषध तेच आहे. पण आम्ही ज्या ताकदीनं सुरुवात करतो त्याच्या दुप्पट. बरं झालं थांबलात.” आणि त्यांनी सरांच्या मनगटावर दोन बोटे ठेवून भिंतीकडे पाहिले. पूर्ण मिनिटानंतर त्या म्हणाल्या, “बेचाळीस.”

सरांची छाती फुगली. काकूही हसल्या. “पहिल्यापासून असंच आहे त्यांचं. खेळाडू ना!”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “पहिल्यापासून म्हणजे किती?”

लेकीने वही पुढे केली. सर मला आणि वहीला सोडून कुठे जात नसत म्हणून ती पिशवीत होती. बाई पाने उलटू लागल्या. पन्नास, एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. पाने आणि पाने तेच. मग शेहेचाळीस. चव्वेचाळीस. बेचाळीस. तिथे सरांनी दोनदा अधोरेखित करून ‘शाबास’ लिहिले होते.

मला लाज वाटली, मित्रांनो. त्या प्रत्येक रविवारी मी टेबलावर होते. आकडा घसरत होता आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. मी वेळ बरोबर सांगत होते, पण बरोबर आकड्यालाही प्रश्न विचारायचा असतो, हे मला कारखान्यात कोणी शिकवले नव्हते.

“चक्कर येते का?” बाईंनी विचारले.

“नाही,” सर म्हणाले.

“बाबा,” लेक म्हणाली, “परवा पायरीवर मटकन बसला होतात.”

“बुटाची लेस बांधत होतो.”

काकू हळूच म्हणाल्या, “चपला होत्या हो पायात.”

सरांनी माझी दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. “तीनदा बसलो,” ते म्हणाले. “एकदा न्हाणीघरात.”

“हे सांगितलंत, फार मोठं काम केलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे औषध आजार मुळापासून बरा करत नाही. पण काही काळ माणसाला सावरून धरतं. मात्र ते हृदयाचा वेग आणखी कमी करू शकतं. बेचाळीसवर मी ते देऊ शकत नाही. ठोके का उतरले ते आधी कळायला हवं. वहीत आकडा सव्वा वर्षापूर्वीपासून उतरतोय. तेव्हा काय नवीन सुरू झालं?”

कोणाला काही आठवेना. काकूंनी गोळ्या मोजल्या, सगळ्या जुन्या. लेकीने पिशवी उलटी करून झटकली. काकूंच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले. गोळी न घेताच परत जावे लागणार, आणि सर असेच एकेक वाट विसरत जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

बाई अजून वहीत पाहत होत्या. “इथं वेळ लिहिली आहे. सहा, सहा, सहा. सगळीकडे सहा. आणि इथून पुढे साडेसहा. बरोबर जिथून आकडा उतरतो तिथून. का बरं?”

“वय झालं. उशिरा उठतात,” काकू म्हणाल्या.

“कोण उशिरा उठतं?” सर एकदम ताठ बसले. “मी सहाला तयार असतो. काटा दिसत नाही!”

“कसला काटा, सर?”

“याचा!” त्यांनी मला उचलून धरले. “उठल्या उठल्या ही माझ्या डोळ्यांत ते घालते ना. मग सगळं धुरकट. दोन-दोन काटे दिसतात. दोन काट्यांवर शर्यत कशी लावणार? म्हणून अर्धा तास थांबतो.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. “डोळ्यांत काय घालता?”

“ते होय,” काकू म्हणाल्या. “ते काही औषध नाही. थेंब आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेत, काचबिंदूचे. ते डब्यात नसतात, आरशाच्या फळीवर असतात कंगव्याशेजारी.”

“नाव काय?”

नाव कोणालाच माहीत नव्हते. बाटली घरी होती. बाहेर बाकावर आणखी सहा रुग्ण बसले होते आणि बाई बारा वाजता दुसऱ्या रुग्णालयात जाणार होत्या. लेक उठली. “मी घेऊन येते.”

“आता कुठं मिळणार रिक्षा?” काकू म्हणाल्या.

“पळते.”

सर उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी तसा पाहिला. त्यांनी अंगठा माझ्या बटणावर ठेवला, उजवा हात वर केला. “गोगलगाय! ऑन युअर मार्क! हात मोकळे सोड, खांदे खाली. गेट सेट!” आणि हात खाली आला.

मी सुरू झाले. लेक दारातून गेली ती चप्पल काढून हातात घेऊनच. सर खिडकीशी उभे राहून ओरडत होते, “श्वास नाकानं! वळणावर आत राहा!” बाकावरचे सहा रुग्ण आणि त्यांची माणसे उठून खिडकीशी आली. एका आजोबांनी विचारले, “कितवा नंबर आहे तिचा?” सर म्हणाले, “एकटीच आहे. पण बघत राहा.”

मित्रांनो, मी ऊर फुटेस्तोवर पळणारी मुले पाहिली आहेत. पण दोन फेऱ्या, पाच फेऱ्या, दहा फेऱ्या माझा काटा फिरला आणि मला प्रथमच असे वाटले की आपल्याला जरा हळू चालता आले असते तर बरे झाले असते. मी चालले नाही. ते माझ्या स्वभावात नाही. अकराव्या फेरीनंतर कोपऱ्यावर ती दिसली. केस सुटलेले, चेहरा लाल, मूठ घट्ट मिटलेली. बाकावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ती दारात आली आणि सरांनी बटण दाबले.

“अकरा मिनिटं, चाळीस सेकंद, तीन दशांश,” सर म्हणाले. “वेळ वाईट आहे. पण शेवटपर्यंत खांदे खाली होते.”

लेकीला बोलता येत नव्हते. तिने मूठ उघडली. बाटली करंगळीएवढी होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंग घेऊन बारीक अक्षरे वाचली आणि मान हलवली. “डोळ्यातला थेंब नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. हा थेंब हृदयाचा वेग कमी करणाऱ्यांतला आहे. यावर माझी गोळी, आणि तीही दुप्पट ताकदीची दिली असती, तर...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. काकूंनी सरांचा हात धरला आणि पुढे तासभर सोडला नाही.

त्या दिवशी गोळी मिळाली नाही. मिळाली ती एक चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी आणि एक हृदयाचा आलेख काढण्यासाठी. “थेंब मनानं बंद करू नका,” बाईंनी बजावले, “डोळा जाईल. डोळ्यांचे डॉक्टर बदलून देतील.” त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलून दिले. आलेखात मोठा दोष निघाला नाही. आणि मग आम्ही वाट पाहिली. पहिल्या रविवारी चव्वेचाळीस. दुसऱ्या रविवारी अठ्ठेचाळीस. पाचव्या रविवारी बावन्न! त्या टेबलाभोवती आकडा वाढला म्हणून टाळ्या वाजल्याचा तो पहिला दिवस. सरांनी मान तिरकी करून विचारले, “हरलो की जिंकलो?” काकू म्हणाल्या, “जिंकलात हो. निवड झाली तुमची.”

मग गोळी सुरू झाली. सर्वात कमी ताकदीची, खाल्ल्यावर, ठरलेल्या वेळी आणि काकूंच्याच हातून. एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. ठोके रोज मोजायचे. अठ्ठेचाळीसच्या खाली गेले किंवा भोवळ आली तर पुढची गोळी थांबवून आधी फोन. दाताच्या डॉक्टरपासून ऑपरेशनच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला हे औषध चालू आहे हे सांगायचे. मी पुन्हा रोजची कामाची झाले. पहिल्या आठवड्यात सरांना मळमळले. रात्रीच्या गोळीने स्वप्ने पडू लागली, तेव्हा ते सकाळी कुरकुरत उठत, “रात्रभर चारशे मीटर पळालोय, पोटऱ्या दुखतात.” डॉक्टरीणबाईंनी गोळी सकाळी हलवली आणि शर्यती थांबल्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी सरांनी काकूंच्या हातातून मला मागून घेतले. दोन बोटे मनगटावर ठेवली. ओठ हलू लागले. तेवीस आला आणि गेला. काकूंनी श्वास रोखला होता. “चोपन्न,” सर म्हणाले आणि बटण दाबले. मी बरोबर साठावर होते. ते गोळीमुळे झाले, की थेंब बदलल्यावर डोक्याकडे रक्त नीट जाऊ लागल्यामुळे, हे डॉक्टरीणबाईंनाही ठामपणे सांगता आले नाही. आमची त्याला हरकत नव्हती.

खरी मजा त्यानंतर झाली. पुढच्या भेटीला बाकावर बसल्या बसल्या सरांनी शेजारच्या बाईंना आपल्या नवऱ्याची नाडी अंगठ्याने मोजताना पाहिले आणि त्यांना राहवले नाही. “अंगठा काढा! दोन बोटं! फाऊल!” अर्ध्या तासात सगळा बाक मनगटे धरून बसला होता. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. “सर, दर मंगळवारी येता का?” त्यांनी विचारले.

सर येऊ लागले. तो त्यांचा शेवटचा संघ. विसरत चाललेल्या माणसांच्या बायका, नवरे, लेकी, सुना. सरांना त्यांची नावे लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी बसल्या जागेवरून नंबर दिले. “तीन नंबर, घाई करू नका. पाच नंबर, बोलायचं नाही मोजताना. आणि डोळ्यांत काही घालता का?” हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. एकाच माणसाला चारदा विचारत. कोणी हसले तर लेक म्हणे, “विचारू द्या. चौथ्यांदा आठवतं माणसाला.” आणि तसेच झाले. सहा नंबरच्या सूनबाई तीनदा ‘नाही’ म्हणाल्या आणि चौथ्यांदा तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, “अगंबाई! सासूबाईंचे थेंब!” त्या दिवशी सगळ्या बाकाने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तर सर्वात जोरात वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

दवाखान्याचा तो छापील कागदही बदलला. लेकीने त्याचे प्रूफ स्वतः तपासले. ‘सर्व औषधे’ या शब्दांपुढे तिने ठळक अक्षरांत एक ओळ घातली: डोळ्यांचे थेंब, नाकातले फवारे, मलमे, पट्ट्या, पावडरी, झोपेची व सर्दीची औषधे आणि दुसऱ्या कोणी दिलेल्या गोळ्यासुद्धा. छापखान्यातल्या मालकांनी विचारले, “एवढी लांब ओळ कशाला?” ती म्हणाली, “अकरा मिनिटं चाळीस सेकंदांची आहे.”

असे तीन वर्षांहून अधिक काळ मंगळवार मिळाले. मग एका थंडीत सरांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. त्यानंतरच्या रविवारी काकू आणि लेक सहाला टेबलाशी बसल्या. दोघींचे ठोके लिहून झाले. सरांच्या रकान्यात लेकीने रेघ मारली नाही. ती जागा तिने तशीच ठेवली.

आता मंगळवारी मी तिच्या गळ्यात असते. तिला शिट्टी वाजवता येत नाही आणि ती कोणाला फाऊल म्हणत नाही. पण बाक भरलेला असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मोजता मोजता थांबू लागले असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि पहिली गोळी देण्याआधी घरातली एकेक फळी पाहा. आरशाजवळची, उशीखालची, शेजाऱ्याच्या प्रेमाने आलेलीसुद्धा. पूर्वी कधी भोवळ आली, छाती दाटली, पोट दुखले, ते लाज न बाळगता सांगा. ज्या आकड्याचा तुम्हाला अभिमान वाटतो, तोही डॉक्टरांना दाखवा. आणि नाडी मोजाल तेव्हा पूर्ण मिनिट मोजा. पुष्कळ जण पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. तसे करू नका. मधेच चुकणारा ठोका त्यात निसटतो, असे डॉक्टरीणबाई सांगतात. माझे कारण साधे आहे. तेवढा वेळ त्यांचा हात तुमच्या हातात असतो. पंचेचाळीस सेकंद आधी कशाला सोडायचा?